मुहूर्ताचा हात

देगलूरपासून अहमदपूरपर्यंत कोणत्याबी बियाण्याच्या दुकानात जा अन् नुस्तं म्हणा, आमी श्रीशैलच्या घरचे. चहा पिल्याबिगर दुकानदार सोडणार न्हाई. आमच्या घराण्यात कुणी फुकटचा चहा पिणारं न्हाई, पण श्रीशैलच्या नावाचा चहा आमी सगळ्यांनी पिलाय, अन् छाती काढून पिलाय. गावात कंपनीची गाडी पहिल्यांदा लागली ती आमच्या दारात. त्या दिवशी गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी येऊन बघितली अन् अर्ध्यांनी मुद्दाम बघितली न्हाई. न बघणाऱ्यांचंच जास्ती पोट दुखलं, हे काय सांगायला पायजे का?

तर लोक श्रीशैलवर जळायचे. अन् श्रीशैल जळायचा सोमेशवर. हे कुणाला सांगितलं तर पटत न्हाई, कारण सोमेशकडं गाडी न्हाई, पँटीला चिखल, अन् दाढी करायची कधी तर सणाला.

दोघंबी लातूरला शेतकीच्या डिप्लोम्याला एका बाकावर. दोघंबी एकाच कंपनीत लागले. बियाणं अन् फवारणीची औषधं विकणारी कंपनी. श्रीशैलला नांदेडमधी फ्लॅट झाला, बायको मंजुषा, पोरगी इंग्रजी शाळेत. पगार असा की आमच्या पावण्या-रावळ्यांत तेवढा कुणाचा न्हाई. काम काय? दुकानदाराच्या गोडाऊनमधी माल घालायचा. शेतकऱ्याला लागो न लागो, गोडाऊनमधी गेला पायजे. मार्च आला की गोड बोलून घालायचा, हातापाया पडून घालायचा, बँकॉकची सहल दाखवून घालायचा. सुरवातीला श्रीशैल शेतात उतरायचा, पानं उलटी करून बघायचा, कोणती अळी हाय, कोणती बुरशी हाय. मग विक्रीत त्याचा नंबर वर गेला. नंबर वर गेला तसं शेत मागं ऱ्हायलं अन् दुकान तेवढं उरलं.

पण त्याचं खरं मन होतं कलमात. लहानपणी आमच्या बांधावरच्या गावरान आंब्याला त्यानं केशरची काडी बांधली होती, अन् ती लागली. तवापासून त्याला नाद. नायगावच्या पुढं नरसीला हॉटेलात बसून त्यानं एकदा सोमेशला सगळं सांगितलं. एक रोपवाटिका काढायची. हमरस्त्याला लागून जागा पायजे, म्हणजे येणाजाणाऱ्याला दिसते. खुंटरोपं आपल्याच कोयीची करायची, ज्याच्या काड्या घ्यायच्या ते मातृवृक्ष आपल्या नजरेखालचे ठेवायचे. सोमेश ऐकत होता अन् भजे खात होता. बोलून झाल्यावर श्रीशैल गाडीत बसला अन् पुढच्या दुकानाला गेला. सोमेशनं मात्र थोड्या दिवसांनी नोकरी सोडली अन् अहमदपूरच्या बाहेर, नांदेड रोडला, अगदी तसलीच रोपवाटिका टाकली.

चोरी म्हणावं तर चोरी न्हाई. एक बोलून गाडीत बसला, दुसरा न बोलता गाडीतून उतरला, इतकंच.

पण ते श्रीशैलच्या काळजात घुसलं. अहमदपूरला जायचं काम असो नसो, आठवड्यातून एकदा त्याची गाडी तिथं थांबायचीच. सोमेश हिरव्या जाळीखाली उकिडवा बसलेला असायचा, बायको ऋतुजा त्याला ओरडायची की चहा गार झाला, अन् तो हसून म्हणायचा, हे तेवढं एक बांधतो. दुपारी भाकर खाऊन तिथंच पोत्यावर झोपायचा. श्रीशैल झोपलेल्या सोमेशकडं बघत उभा ऱ्हायचा. त्याला स्वतःला दुपारी झोपून किती तरी वर्ष झाले होते. तिथून निघाला की त्याच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, हॉटेलचं खाणं बंद करा. त्यानं बंद केलं. जळजळ काही गेली न्हाई. ती हॉटेलच्या तेलाची नव्हतीच.

ह्या साली पाडव्यानंतर सोमेश आपणहून म्हणला, "श्रीशा, शेजारची जमीन ठोक्यानं, सालाच्या भाड्यावर, मिळायली. मला एकट्याला झेपत न्हाई. येतोस का भागीदारीत? तुझाच नाद हाय हा, मला मालूम हाय. पण मृगापर्यंत सांग. न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागन."

'तुझाच नाद हाय' हे ऐकून श्रीशैलला बरं वाटायला पायजे होतं. त्याला वाटलं, माझंच मला वाढून दाखवायला लागला.

घरी आला अन् मंजुषाला सांगितलं, ते बी अशा पद्धतीनं की ती नको म्हणल. हप्ते हाईत, पोरीची शाळा हाय, आई म्हातारी झाली, घरचे काय म्हणतील. मंजुषा उदगीरच्या दुकानदाराची पोरगी. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं अन् म्हणली की फ्लॅट भाड्यानं देऊ, अहमदपूरला ऱ्हाऊ, तिथं बी शाळा हाईत, भागन आपलं. वरून म्हणली, "रोज जेवताना सोम्या असं करायला, सोम्या तसं करायला. ते ऐकून माझं डोकं उठलंय. जावा एकदाचं."

आता त्याच्याकडं कारणच उरलं न्हाई. लोक म्हणतात माणूस पगारासाठी चिटकून ऱ्हातो. आमच्या श्रीशैलचा पगार त्याच्या बायकोनं एका भाजीच्या जुडीत निकालात काढला.

त्यानं राजीनामा दिला. आम्हाला घरी कुणालाच सांगितलं न्हाई, हे बी लिहून ठेवतो. सांगितलं असतं तर आमी त्याला तालुक्याच्या ठिकाणी उभा करून इचारलं असतं की बाबा, तुझ्या नावावर आमी मान वर करून चालतो, त्या मानेचं काय?

नांदेडच्या हापिसात वरच्या साहेबासमोर कागद ठेवला तवा श्रीशैलला वाटलं होतं, साहेब खुर्चीतून उठतील. हात धरतील. म्हणतील, तुमच्याबिगर देगलूर कोण सांभाळन? साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला अन् इचारलं, "तुमच्या जागेवर सत्यमला टाकलं तर चालन ना?"

सत्यम म्हणजे त्याच हापिसातला, लोह्याकडचा, लग्नाला आलेला पोरगा. दिसायला देखणा, तेलुगू बी येती, अन् दुकानदाराच्या पोरांची नावं पाठ. श्रीशैलनंच त्याला कामाला शिकवलं होतं. साहेब म्हणले, मृगापर्यंत त्याला सोबत घेऊन फिरा, दुकानदारांची वळख करून द्या, मग मोकळे व्हा.

ती वळख करून देणं श्रीशैलला लई महागात पडलं.

पहिल्या दिवशीच सत्यमनं गाडी चालवायला घेतली अन् सीट मागं सरकवलं. त्याचे पाय लांब, करणार काय. पण श्रीशैल बाजूला बसून त्या सीटकडंच बघत ऱ्हायला. मुखेडला दुकानदारानं चहा मागवला अन् पहिला कप नव्या साहेबासमोर ठेवला. नरसीला दुकानदाराची बायको आतून बाहेर येऊन सत्यमला इचारायली, लग्न झालं का, आमच्या बघण्यात एक पोरगी हाय. श्रीशैल इतके वर्ष त्या दुकानात जात होता, ती बाई कधी पडद्याबाहेर आली नव्हती. एका दुकानदारानं तर त्याच्या समोरच सत्यमला सांगितलं की आता तुमी आलाव तर जुने साहेब करत होते तसं जबरदस्तीनं माल टाकू नका. सगळे हसले. श्रीशैल बी हसला, कारण न हसून काय करतो.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मंजुषाला सत्यमच्या चुका सांगायला सुरवात केली. हिसाब नीट मांडत न्हाई, दुकानदाराला नावानं हाक मारतो, लई दात काढतो. मंजुषानं इचारलं, तुमचं काय जायलंय त्याच्यात, तुमी तर चाललाव ना. तो म्हणला, हाव, चाललोच हाय. अन् परत सत्यमचंच काढलं. आधी जेवताना सोम्या होता, आता सत्यम आला.

खरं बघितलं तर नोकरी त्याला नकोच होती. सकाळी फोन वाजला की अंगावर काटा यायचा, ते तसंच होतं. पण नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की कशी चमकायला लागती, हे त्याला आता कळायलं होतं. आपण टाकून दिलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर बघितला की वाटतं, अरे, इतका चांगला होता का हा.

मृग तोंडावर आला अन् देगलूरचा मुहूर्त आला.

देगलूरला शरणप्पा मालकाचं दुकान हाय. बियाण्याचं मोठं दुकान, तेलंगणातून, बिदरकडून बी गिऱ्हाईक येतं. त्यांच्याकडं एक रीत हाय. पेरणीच्या आधी सालातली पहिली पिशवी मुहूर्तावर काढायची. पिशवीला हळद-कुंकू अन् भस्म लावायचं, नारळ फोडायचा, अन् ज्याच्या हाताला गुण हाय असा एकच माणूस ती पिशवी उचलून पहिल्या शेतकऱ्याला देणार. देणाऱ्यानं पाय धुवून अनवाणी यायचं. घेणारा हातात घेत न्हाई, उपरणं पसरून वटीत घेतो. अन् तेवढा वेळ दुकानात भाव कुणी बोलायचा न्हाई. श्रीशैल नवा होता तवा एका साली नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून शरणप्पांनी त्याच्या हातानं पिशवी दिली. त्या साली पाऊस वेळेवर आला, सोयाबीन असं पिकलं की पोते कमी पडले. तवापासून मुहूर्ताचा हात श्रीशैलचा. आमच्या गावात हे सगळ्यांना मालूम हाय. मालूम नसल त्याला आमी सांगितलंय.

त्या सकाळी श्रीशैल अन् सत्यम दोघंबी देगलूरला पोचले. दुकानासमोर मांडव, चाळीस-पन्नास शेतकरी, कुणी मराठी बोलायला, कुणी कानडी, कुणी तेलुगू. घेणारे होते साहेबराव काका, तालुक्यातले जुने शेतकरी, पांढरं धोतर, खांद्यावर कोरं उपरणं. शरणप्पा बाहेर आले, श्रीशैलला हात जोडून शरणार्थ म्हणले, हात हातात घेतला, अन् मग सत्यमकडं वळून म्हणले, "या पाटील, पाय धुवून घ्या."

श्रीशैलला ऐकू आलं. पण डोक्यात शिरायला वेळ लागला.

तसं बघायला गेलं तर शरणप्पांचं काय चुकलं? पेरणी काय ह्याच सालची नसती, पुढच्या सालाची बी असती, धंदा पुढच्या माणसाशी करायचा असतो. जाणाऱ्याच्या हातानं सुरवात करत न्हाईत. हे श्रीशैलला बी मालूम होतं. तो मांडवाच्या कडंला बूट घालूनच उभा ऱ्हायला. आतल्या नळावर सत्यम पाय धूत होता, दुकानातला नोकर त्याच्या पायावर पाणी घालत होता. पोराच्या तोंडावर असं भोळं हसू की बघवत नव्हतं. साहेबराव काकांनी उपरणं पसरलं. नारळ फुटला. सत्यमनं पिशवी उचलली.

अन् श्रीशैल पुढं गेला. कसा गेला ते त्याला नंतर बी सांगता आलं न्हाई. लोकांना बाजूला सारून, बुटासकट दुकानाच्या पायरीवर चढला, सत्यमच्या हातातली पिशवी ओढली अन् साहेबराव काकांच्या उपरण्यात टाकली. टाकलीच म्हणायची. देणं असं नसतं.

पूजा सांगायला बसलेले जंगमस्वामी बुटाकडं बघून ऱ्हायले. साहेबराव काकांनी उपरण्याची गाठ मारली अन् शांतपणे म्हणले, "वटीत आली, म्हणजे आली. आता चर्चा कशाला?" मग लोक हलले, कुणीतरी पेढे फिरवले. सत्यम तसाच ओल्या पायानं उभा. हात पिशवी धरल्यावानी पुढं.

शरणप्पांनी श्रीशैलला दंडाला धरून आत गोडाऊनमधी नेलं. पोत्यांच्या थप्प्यांमधी दोघंच. म्हातारा चिडला न्हाई. चिडला असता तर सोपं झालं असतं.

"श्रीशैलप्पा, तुमी नोकरी सोडली ना?"

"हाव."

"मग हात कामून घातला?"

श्रीशैल बाहेरचं ऐकत ऱ्हायला. बाहेर कुणीतरी तेलुगूत सत्यमची गंमत करायलं होतं अन् सत्यम तेलुगूतच काहीतरी म्हणून लोकांना हसवायला होता. एवढं होऊन बी हसवायला होता. श्रीशैलला तेलुगू येत न्हाई.

"हे बघा," शरणप्पा म्हणले, "माझं दुकान हाय, मला एक माणूस लागतो. दोन न्हाई. जायचं असल तर हात काढा. ऱ्हायचं असल तर बूट काढा. मी बाहेर जातो. तुमचं तुमी ठरवा."

श्रीशैल पोत्यावर बसला. सोयाबीनच्या पोत्यांचा वास, औषधाचा वास. ह्या वासाचा त्याला कंटाळा होता, वीट आला होता. त्यानं अहमदपूरची जाळी डोळ्यासमोर आणली, मातीनं भरलेल्या पिशव्या आणल्या, केशरची काडी आणली. त्याला वाटलं होतं, ते सगळं आठवलं की उठून जाता येईल. पण तिथं गेल्यावर कोण म्हणणार श्रीशैलप्पा? तिथं तो सोमेशचा भागीदार. येणारं-जाणारं सोमेशला इचारणार, हे कोण? अन् इथं देगलूरला, मुखेडला, नरसीला त्याच्या सगळ्या वाटांनी सत्यम फिरणार, लांब पाय पसरून. एकाच वेळी दोन ठिकाणी दोन माणसं त्याच्यापेक्षा मोठी होणार. एका जळजळीवर माणूस जगू शकतो. दोन झेपत न्हाईत.

तो वाकला अन् बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

बाहेर आला तो अनवाणी. नळावर पाय धुतले, जंगमस्वामींच्या पाया पडला, साहेबराव काकांच्या पडला. शरणप्पांनी नवा नारळ मागवला अन् दुसरी पिशवी काढून रीतसर त्याच्या हातानं देववली. मग तिथूनच त्यानं वरच्या साहेबाला फोन लावला अन् राजीनामा माघारी घेतो म्हणला. साहेब म्हणले, बरं. राजीनामा बी त्यांनी असाच सहज घेतला होता.

परत येताना गाडी श्रीशैलनं चालवली. सीट पुढं घेतलं. नायगाव मागं पडलं. सत्यम म्हणला, "सर, तुमी आधी सांगितलं असतं तर मी लोह्याच्या घरी सांगितलं नसतं. आईनं पेढे वाटले." श्रीशैलनं गाणे लावले.

आमी लोक सत्यमला दोष देत न्हाई. पण श्रीशैलनं केलं ते बी बरोबरच केलं. जागा आपण कमावलेली, ती कुणाच्या पायाशी ठेवायची न्हाई, ही आमच्या रक्तातली गोष्ट हाय. गावात कळलं तवा लोक म्हणले, बूट घालून मुहूर्त केला म्हणं. आमी म्हणलं, बुटात करो न्हाईतर खडावात, पिशवी कुणाच्या हातून गेली ते सांगा. अन् ह्या साली दुकानाचा माल खपला, पाऊस बी झाला. मग कोण बोलतंय.

सोमेशला त्यानं फोन करून सांगितलं की घरचे न्हाई म्हणले. सोमेश म्हणला, असू दे.

मग श्रीशैल अहमदपूरच्या रस्त्यानं जाणंच टाळायला लागला. कंधारवरून वळसा घालून जायचा. पण पोळ्याच्या आसपास एका दुकानदाराला घेऊन त्याच रस्त्यानं जावं लागलं अन् त्या दुकानदारालाच लिंबाचे रोपं पायजे होते. गाडी थांबवावी लागली.

जाळीखाली दोन माणसं उकिडवी बसली होती. एक सोमेश. दुसऱ्यानं मान वर केली, तर सत्यम.

तो उन्हानं काळा पडला होता, वाळला होता, अन् लई खूश होता. सत्यम उठला, हात पँटीला पुसले अन् पाया पडला. खोटं न्हाई, खरोखरचं पडला. म्हणला, सर, तुमच्यामुळं इथं आलो. तिकडं जागा मिळाली असती तर आयुष्यभर फोनच उचलत बसलो असतो. ऋतुजानं चहा दिला. सोमेश हसत म्हणला, "तू आला न्हाईस म्हणून हा सापडला. पोराचा हात तुझ्यावानीच हाय, श्रीशा."

सत्यमनं एक कलम त्याच्यासमोर धरलं अन् इचारलं की बांधणी बरोबर हाय का. श्रीशैलनं खिशातला चष्मा लावला. खुंटाची चीर बघितली, काडीची पाचर बघितली, पट्टीचे वेढे बघितले. त्याला वाटत होतं की कुठंतरी चूक निघावी. खालचा वेढा ढिला असावा, पाचर वाकडी असावी. काहीच नव्हतं. वरच्या डोळ्याला बारीक तांबूस पालवी फुटलेली.

"बरी हाय," तो म्हणला. अन् मग लगीच, तोंडात बसलेलंच होतं म्हणून म्हणला, "पावसाळी हवा हाय, बुरशी येईल. आपल्याकडं नवीन औषध आलंय, एक पेटी पाठवून देतो." सोमेशनं पेटी घेतली. सौदा झाला. दुकानदाराला लिंबाचे रोपं मिळाले. श्रीशैल गाडीत बसला अन् नांदेडपर्यंत दुकानदाराशी भावाच्या गप्पा मारत आला.

घरी मंजुषाला सगळं सांगितलं. सत्यम कसा वाळलाय, कसा पाया पडला, त्याचं कलम कसं आडदांड हातानं बांधल्यावानी वाटत होतं. हे शेवटचं त्यानं खोटं सांगितलं. मंजुषा भाकरी थापायली होती. तिनं इचारलं, अजून बी जमीन हाय का तिथं, अजून बी जाता येईल का.

"आता कसं जाणार? तिथं सत्यम हाय."

"अन् सत्यम इकडं होता तवा तुमी इकडनं हलला न्हाईत. म्हणजे तुमी कुठं ऱ्हायचं ते त्या लोह्याच्या पोरानंच ठरवायचं का?"

त्यानं दुसरी भाकर मागून घेतली, ठेच्याबरोबर खाल्ली, छाती चोळली. तेवढ्यात फोन वाजला. शरणप्पांचा होता, रब्बीच्या हरभऱ्याचं काय करायचं म्हणून. श्रीशैलनं घास गिळला, आवाज गोड केला अन् म्हणला, "बोला मालक." मंजुषानं तवा उतरवला. तो बोलत बोलत गॅलरीत गेला अन् बराच वेळ आत आला न्हाई.